चाल माझी, गाणं तुझं

बुवा, तुझ्या मयताला किती माणसं आली ते बघायचं नाही, असं मी घरून निघतानाच ठरवलं होतं. पण वळणावर तिरडी जरा थांबली आणि मान आपोआप मागे गेली. माणसं पार पाण्याच्या टाकीपर्यंत होती. तुझ्या वाडीतली होती, आमच्या गावची होती, मुंबईहून मिळेल त्या गाडीनं आलेली होती. मी कधी तोंडही न पाहिलेली होती. तेव्हा मनात पहिला विचार आला तो तुझा नव्हता, माझा होता. माझ्या वेळी एवढी येतील का?

मग बायकांनी गाणं धरलं. आपल्याकडे मयताबरोबर बायका जात नाहीत. तुझ्याबरोबर सड्याच्या, त्या कातळपठाराच्या, पायथ्यापर्यंत आल्या आणि तिथून मागे फिरायच्या आधी एकीनं सुरुवात केली, बाकीच्यांनी उचललं.

‘सडा आमचा, आमची वाट,
सायेब, फिरवा तुमची पाठ.’

मी तिरडीला खांदा दिला होता आणि माझी पावलं बरोबर ठेक्यावर पडत होती. पडणारच. चाल माझी होती.

अजून तुझे दिवस चालू आहेत. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. चांगलं बोलायला तुझ्यामागे दोन गावं आहेत. आपल्या दोघांचं एकमेकांशी बोलणं कधी चांगलं नव्हतंच, ते आता मी कुठून आणू?

आपला धंदाच तसा. शक्ती-तुऱ्याच्या नाचात तू शक्तीवाला, मी तुरेवाला. गणपतीत समोरासमोर उभं राहायचं, मागे आपापली पोरं चाळ बांधून, आणि मी शिव मोठा म्हणायचं, तू शक्ती मोठी म्हणायचं. गण झाला, गवळण झाली की एकमेकांची सालं काढायची. तू मला ‘पालीचा शिंपी’ म्हणायचास, कारण पालीच्या बाजारात माझं शिवणाचं दुकान. मी तुला ‘टेम्पोवाला बुवा’ म्हणायचो, कारण मुंबईची वॉचमनकी सोडून आल्यावर तू टेम्पो घेतलास आणि आंब्याच्या पेट्या वाहायला लागलास. लोक हसायचे. त्यांना वाटायचं हे सगळं मंचावरचं. तुझ्या बाजूनं ते मंचावरचं असेलही. माझ्या बाजूनं नव्हतं.

तुझा आवाज होता. तो कुठल्या गुरूनं दिला नव्हता, रियाजानं आला नव्हता. टेम्पोच्या खिडकीतून तू हाक मारलीस तरी बाजारातली माणसं मान वर करायची. मी शब्द तासायचो, मात्रा मोजायचो, पुराणातले दाखले शोधून काढायचो. तू उभा राहायचास आणि तोंड उघडायचास. एकदा आमची सुनंदा भाकऱ्या थापताना तुझी गवळण गुणगुणत होती. मी म्हटलं, ‘माझ्या काय कमी आहेत?’ ती म्हणाली, ‘तुमच्या चांगल्या असतात. त्यांच्या लक्षात राहतात.’ त्या दिवशी मी भाकरी अर्धी टाकून उठलो. ती अजून मला त्यावरून चिडवते.

मग मला एकदा, आयुष्यात एकदाच, तुझ्याहून वरचढ गवळण सुचली. मशीन चालवत होतो. पायाखालची फळी आणि सुईची ये-जा यात एक ठेका असतो, त्यात शब्द येऊन बसले. ‘घागर माझी काठोकाठ, कान्हा, सोड ना माझी वाट.’ शब्द साधेच आहेत. खरं काम चालीत होतं. ‘काठोकाठ’नंतर मी सगळं थांबवलं होतं. ढोलकी गप्प, झांज गप्प. गाणाऱ्यानं श्वास घ्यायचा नाही आणि सोडायचाही नाही. भरली घागर डोक्यावर घेऊन बाई पायरीवर थबकते आणि पाण्याचा थेंब सांडू देत नाही, तसं थबकायचं. मग हळूच ‘कान्हा’. गणपतीतल्या आपल्या सामन्यात, माझ्या बारीत, ती पहिल्यांदा म्हटली तेव्हा त्या थांबण्यात मांडवातलं एक पोर रडलं नाही. समोर तू बसला होतास. मांडी घालून, डोळे मिटून. माझं लक्ष लोकांकडे नव्हतंच, तुझ्याकडे होतं. तू डोळे उघडलेस, पानाची पिंक टाकायला उठून गेलास आणि आल्यावर मला शिंप्यावरून चार टोमणे मारलेस. गवळणीबद्दल एक अक्षर नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात सड्याचं प्रकरण आलं.

सडा आपल्या दोन गावांच्या मधला. वरून बघणाऱ्याला काळा कातळ, कामाचा नाही. पण पावसाचं पाणी तोच पितो आणि उन्हाळ्यात खाली दोन्ही गावांच्या पऱ्यात, ओढ्यात, सोडतो. तुमची गुरं तिथं, आमची गुरं तिथं. कुणीतरी कंपनी तिथं खाण काढणार, असं आधी कुजबुजत आलं, मग सड्यावर चुन्याच्या खुणा दिसल्या. देवळात दोन्ही गावांची बैठक बसली. वकील बोलले, मुंबई मंडळाचे अध्यक्ष बोलले, मीही बोललो. मी चांगला बोललो होतो. माणसं माना डोलवत होती, आणि बायका मागे बसून पोरांना गप्प करत होत्या.

तू उठलास आणि भाषण केलंच नाहीस. कोपऱ्यातली ढोलकी ओढलीस, मांडीवर घेतलीस, आणि म्हणालास, ‘माझ्या मागनं म्हणा.’

पहिल्याच ओळीला मी ओळखलं. माझी गवळण तू उभी फाडून तिचा झेंडा केला होतास. ‘वाट’ ‘काठोकाठ’च्या जागी नेलीस, तिच्या जागी ‘पाठ’ आणलीस. आणि माझं थांबणं तू काढून टाकलं होतंस. जिथं घागर थबकायची तिथं तू ढोलकीवर दोन थापा घातल्यास आणि पुढे पळालास. तिसऱ्या वेळेला अख्खं देऊळ म्हणत होतं. मागच्या बायका पुढे आल्या होत्या. माझ्या शेजारी बसलेली सुनंदा टाळ्या वाजवत होती.

दुसऱ्या दिवशी तू दुकानात आलास. पेट्या उतरवून झाल्या होत्या, खांद्यावर टॉवेल होता. बाकावर बसलास. मी मशीन थांबवलं नाही.

‘रागावलास काय, बुवा?’

‘चाल माझी आहे.’

‘होय. म्हणून तर घेतली. माझ्याकडं तसली नव्हती.’

‘विचारायचं तरी.’

‘विचारलं असतं तर दिली असतीस?’

मी कापड सुईखाली पुढे सरकवलं. दिली नसती, हे आपल्या दोघांनाही माहीत होतं.

मग मी म्हटलं, ‘घेतलीस ती घेतलीस, मोडलीस कशाला? त्यातला जीवच काढलास. आणि ते गाणं नाय, घोषणा आहे. सायेब हा शब्द मात्रेत तरी बसतो का?’

‘शंभर माणसांनी एकदम म्हणायचं आसलं तर मधी थांबून चालत नाय, बुवा. कोण कुठं थांबंल, कोण कुठं धरंल. इस्कोट होईल.’ टॉवेलनं मान पुसलीस आणि म्हणालास, ‘तुझं गाणं लोक ऐकतात. माझं म्हणतात. दोन कामं येगळी.’

‘येगळी म्हणजे तुझं मोठं?’

‘मी कुठं आसं म्हटलं?’

म्हटलं नव्हतंस. पण चहा न पिता उठून गेलास आणि मी दिवसभर एकाच बाहीची शिवण उसवत बसलो. तो वाद आपला कधी मिटला नाही. शोभा आणि उपयोग यांचं भांडण आहे, असं मी लोकांना सांगायचो. मोठं वाटायचं ऐकायला. खरं म्हणजे मला जे आयुष्यभर जमलं नव्हतं ते तू माझ्याच चालीवर एका संध्याकाळीत करून दाखवलं होतंस.

कंपनीचं खोदायचं मशीन सड्यावर आलं त्या दिवशी मीही वर होतो. कशाला गेलो होतो ते विचारू नकोस. सडा माझाही होता, हे एक. आणि तू एकटाच गाणार, हे मला घरी बसून सोसलं नसतं, हे दुसरं. बायका मशीनपुढे बसल्या होत्या, पदर डोक्यावर, ऊन असं की कातळाला हात लाववत नव्हता. तू मधे ढोलकी घेऊन. मी तुझ्या मागे झांज घेऊन. आपण दोघं एका बाजूनं वाजवायला उभे राहिलो ते आयुष्यात त्या एकाच दिवशी. पोलीस आले तरी गाणं थांबेना. एक दमली की दुसरी धरायची. त्यांचे साहेब बिचारे समजुतीनं बोलत होते, पण त्यांचं बोलणं त्यांनाच ऐकू येत नव्हतं. शेवटी ते आपल्यासमोर येऊन उभे राहिले.

‘हे गाणं कुणी बसवलंय?’

बुवा, देवाशपथ सांगतो, माझं तोंड उघडलं होतं. शूरपणा म्हणून नाही. पुढे काय होईल याचा विचारच केला नव्हता. इतक्या दिवसांनी कुणीतरी नेमका तोच प्रश्न विचारला होता, म्हणून. ‘चाल माझी’ हे दोन शब्द जिभेवर आले होते.

तू मागे वळून न बघता म्हणालास, ‘माझं. शब्द माझे, चाल माझी, सगळं माझं.’

दोन्ही गावांसमोर म्हणालास. साहेबांनी तुझं नाव लिहून घेतलं. तुला आणि आणखी चार-पाच जणांना गाडीत बसवलं. बायका उठून गाडीमागे चालत गेल्या, गात गेल्या. मी झांज हातात घेऊन तिथंच उभा. कुणी माझ्याकडे बघितलं नाही. बघायचं कारणच नव्हतं, गाणं बसवणारा गाडीत होता.

मशीन त्या आठवड्यात परत गेलं. पुढे ठराव झाले, अर्ज झाले, वकिलांनी त्यांचं काम केलं. कागदावर खाण अजून जिवंत आहे म्हणतात, पण सडा जागेवर आहे आणि पऱ्याला पाणी आहे. हे गाण्यानं झालं असं मी म्हणणार नाही. गाण्याशिवाय झालं असतं, असंही मला म्हणता येत नाही. बायका दिवसभर त्या उन्हात कशाच्या जिवावर बसल्या ते मी डोळ्यांनी बघितलं आहे.

ते तुला केवढ्याला पडलं तेही बघितलं. केस झाली. तारखेला रत्नागिरीला जायचास, टेम्पो उभा ठेवून. ज्या मंडळांच्या कार्यक्रमाला पुढारी यायचे त्यांनी तुला बोलावणं बंद केलं. ‘अनंतबुवा नको, उगाच वाद होतो’, असं म्हणायचे आणि ती सुपारी माझ्याकडे यायची. मी घेत होतो. न घेण्याचं काही कारण नव्हतं, आणि तूही कधी त्यावरून बोलला नाहीस. उलट मुंबईच्या कार्यक्रमाला निघालो तेव्हा पालीच्या स्टॉपवर मला सोडायला आलास, माझी ढोलकी वर चढवलीस. ‘गवळण म्हण हां,’ म्हणालास.

म्हटली. मोठं थिएटर, खच्चून भरलेलं, आपल्याच भागातली माणसं. ‘घागर माझी काठोकाठ’ म्हटलं आणि थांबलो. ढोलकी थांबली. आणि त्या थांबण्यात मागून, बाल्कनीतून, सगळीकडून तुझे शब्द आले. माणसं उभी राहून ‘सडा आमचा’ म्हणायला लागली. मी हातात माइक घेऊन उभा. त्यांना वाटलं मी त्यांच्यासाठी जागा ठेवली आहे. तेव्हापासून प्रत्येक कार्यक्रमात तेच. माझी एकुलती एक चांगली गवळण, ती मी पुन्हा कधी शेवटपर्यंत म्हणू शकलो नाही.

आणि ज्या गाण्यामुळे तुझे कार्यक्रम गेले तेच गाणं घेऊन मी फिरत होतो, तुझ्या नावाच्या टाळ्या ऐकत होतो. तुला गाडीतून नेलं याचासुद्धा मला हेवा वाटायचा. तारखांचा वाटायचा. सुनंदाला एकदा हे बोललो तर ती म्हणाली, ‘डोकं तपासून घ्या.’

मग छातीचं दुखणं आलं आणि तुझा आवाज गेला. आधी खरखर, मग नुसती हवा. दवाखान्यात न्यायला तुझा मुलगा मुंबईहून दरवेळी येऊ शकत नव्हता, म्हणून मी यायचो. शेवटी-शेवटी एकदा डॉक्टरकडून निघालो तेव्हा तू म्हणालास, ‘भाट्याला जाऊया काय?’ सुरूच्या झाडांखाली बसलो. समोर समुद्राला ओहोटी होती. दोन पोरं ओल्या वाळूत सायकल फिरवत होती. तू शहाळं घेतलंस आणि अर्धं मला दिलंस. मला वाटलं, आता विचारलं नाही तर राहील.

‘त्या दिवशी साहेबांना गाणं माझं, असं म्हणालास ते मला वाचवायला, का नाव घ्यायला?’

तू हसलास. आवाज नव्हता, खांदे हलले.

‘तुला काय पायजे व्हतं? नाव, का गाडीत जागा?’

‘दोन्ही.’

त्यावर तू इतका हसलास की खोकला लागला. पाठीवर हात फिरवला, शहाळ्याचं पाणी पाजलं, तेव्हा थांबला.

‘दोनी एकाला मिळत नाय, बुवा.’

‘तुला मिळाली की.’

तू रिकामं शहाळं वाळूत ठेवलंस. मग तू म्हणालास, ‘चल, ऊन्ह लागतंय,’ आणि उठायला हात पुढे केलास.

तेवढंच. वाचवलंस, का घेतलंस? वाचवलं असशील तर तेवढं मोठं मन माझ्याकडे नाही, म्हणून जळतो. घेतलं असशील तर तेवढी हिंमत माझ्याकडे नाही, म्हणून जळतो. तुझ्या मढ्यापुढे उभा राहूनही मला हेच सुचत होतं.

परवा सुनंदानं तुमच्या घरी डबा दिला आणि मला बरोबर नेलं. वहिनी ओटीवर बसल्या होत्या. सुनंदा आत गेली. मी काय बोलावं म्हणून बसलो होतो, तर वहिनीच म्हणाल्या, ‘आता सकाळ सुनी वाटते बघा. रोज चुलीपुढं बसून तुमची घागर म्हणायचे.’

मी म्हटलं, ‘सड्याचं गाणं?’

‘ते नाय. घागर. ते सड्याचं घरात कवा म्हटलं नाय. म्हणायचे, त्याला लोक हायत.’ वहिनी पदरानं डोळे पुसत होत्या, पण बोलताना जराशा वैतागल्याही होत्या, रोजचं सांगावं तशा. ‘काठोकाठपर्यंत म्हणायचे आणि आडायचे. श्वास सुटायचा. मग स्वतःवरच चिडायचे, परत पयल्यापासनं. आंघोळीचं पाणी निवून जायचं. मी म्हणायची, अहो, फुडचं म्हणा की. तर म्हणायचे, फुडं जाताच येत नाय, बुवान हितं काय केलंन तेच कळत नाय.’

‘आवाज गेल्यावर?’

‘आधीपासनं. तुमी ती गणपतीत म्हटलीत तेवापासनं. त्या रातीच घरी येऊन म्हणाले, आज मना झोप येणार नाय.’

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

म्हणजे शंभर माणसांना थांबता येत नाही, हे खरं होतं. आणि तुलाही थांबता येत नव्हतं, हेही खरं होतं. जिथं माझी घागर थबकायची तिथं तू दोन थापा घातल्यास, कारण त्या जागेवर तुझा पाय ठरतच नव्हता. तुझ्यासारखा आवाज असून. त्या मोडक्या जागेवरून दोन गावं पुढे गेली, सडा राहिला, ते वेगळं. त्याचं देणं मी नाकारत नाही. पण तू रोज सकाळी चुलीपुढे बसून माझ्यावर जळत होतास, बुवा. इतकी वर्षं.

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, तुझ्या ओटीवर, तुझ्या दिवसांत, मला फार बरं वाटलं. परतताना सुनंदा विचारत होती की हसताय काय म्हणून. मग गावाची हद्द आली आणि मला राग आला. एक शब्द बोलला असतास. मांडवात नको, बाजारात नको, त्या भाट्याच्या वाळूत दोघंच असताना तरी. ‘ती जागा मला जमली नाय’, एवढंच. मी कसं थांबायचं ते शिकवलं असतं. खरंच शिकवलं असतं का, माहीत नाही.

रात्री जेवताना मी हे सुनंदाला सांगितलं. ती म्हणाली, ‘पण त्यांनी तुम्हाला सांगितलं का नसेल?’

मी भाकरीचा तुकडा मोडला. त्याचं उत्तर मला तुझ्याइतकंच माहीत आहे. तुझ्या जागी मी असतो तर मीही सांगितलं नसतं.